‘जवळ’ म्हणजे नक्की किती जवळ?

‘कमानिया गेटपासून अवघ्या दोन मिनिटांवर. स्वच्छ खोल्या. घरगुती वातावरण.’ हॉटेलच्या जाहिरातीत एवढेच लिहिले होते आणि खरे सांगायचे तर त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. खोल्या स्वच्छ होत्या, मॅनेजर अदबीने बोलणारा होता आणि हॉटेलपासून कमानिया गेट दोन मिनिटांवरच होते. मात्र ही दोन मिनिटे हातात सामान नसलेल्या, गुडघे न दुखणाऱ्या पंचविशीतल्या तरुणाची होती. माझ्याबरोबर होती माझी अडुसष्ट वर्षांची आई, दहा वर्षांचा मुलगा आणि तीन बॅगा.

जबलपूरला जायचे ते आईसाठी. तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा वर्ध्याचे. 1939 साली जबलपूरजवळ त्रिपुरीला काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा ते विशीत होते. मित्रांबरोबर गोंदियाहून छोट्या गाडीने ते तिथे गेले होते. म्हातारपणी ही हकीकत ते पुन्हा पुन्हा सांगत. ‘बावन्न हत्ती मोजले, पण सुभाषबाबू दिसले ते फोटोतच!’ हे त्यांचे ठरलेले वाक्य. त्या अधिवेशनाची आठवण म्हणून जबलपूरच्या बाजारात एक कमान उभी आहे हे आईला ठाऊक होते. ‘एकदा त्या कमानीखाली उभं राहायचंय,’ असे ती गेली कित्येक वर्षे म्हणत होती. म्हणून मी मोठ्या हौसेने हॉटेल शोधले ते गेटला अगदी लागून. आईने खिडकी उघडली की समोर कमान दिसावी, अशी माझी कल्पना!

मुंबईहून निघालेली गाडी दुपारी जबलपूरला पोचली. स्टेशनबाहेर रिक्षा ठरवून, खाऊनपिऊन निघेपर्यंत पाच वाजले. बाजार भरण्याची हीच वेळ. बडा फुहाऱ्याच्या अलीकडेच रिक्षावाल्याने रिक्षा थांबवली. ‘इसके आगे अभी नहीं जाएगी, दीदी. अम्मा को पैदल ले जाइए, पास ही है.’ तिथून हातगाड्या, स्कूटर, साड्यांच्या दुकानांत शिरणाऱ्या बायका, मधूनच आडवी येणारी गाय यांतून वाट काढत आम्ही निघालो. आईचा एक हात माझ्या हातात, दुसरा नातवाच्या खांद्यावर. हॉटेल गल्लीत होते आणि आमची खोली तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नव्हती. जिना उभा, अरुंद आणि एका बाजूला कठडा नसलेला.

आई काही बोलली नाही. मजल्यागणिक थांबत वर आली. रात्री तिचा गुडघा सुजला. सकाळी चहा घेताना ती म्हणाली, ‘अगं, तुम्ही दोघं फिरून या. मी बसते इथेच. खिडकीतून दिसतंय की सगळं.’ खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत तेवढी दिसत होती.

वाचकहो, त्या सकाळी माझी मलाच लाज वाटली. जिच्यासाठी प्रवास काढला, तीच खोलीत अडकून पडणार होती, आणि त्याला हॉटेलवाला नव्हे, मी जबाबदार होते. जे प्रश्न फोनवर दोन मिनिटांत विचारता आले असते, ते मी विचारलेच नव्हते. म्हणून या वेळी या सदरात जबलपूरच्या निमित्ताने परक्या शहरात हॉटेल कसे निवडावे आणि घरच्या माणसांना घेऊन तिथे कसे फिरावे, याविषयी चार गोष्टी.

आधी थोडे कमानिया गेटविषयी

नावातच कमान असलेले हे प्रवेशद्वार जुन्या जबलपूरच्या भर बाजारात उभे आहे. एका बाजूला बडा फुहारा, दुसरीकडे सराफा आणि कमानीखालून वाहता रस्ता. वय पाहिले तर ते फार जुने नाही. 1939 च्या त्रिपुरी काँग्रेसचे हे स्मारक.

त्या अधिवेशनाची कथा आपल्यापैकी अनेकांनी शाळेत वाचली असेल. जानेवारी 1939 मध्ये काँग्रेसच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली. गांधीजींचा पाठिंबा पट्टाभी सीतारामय्या यांना होता, तरीही सुभाषचंद्र बोस दोनशेहून अधिक मतांनी निवडून आले. मार्चमध्ये नर्मदेच्या परिसरात अधिवेशन भरले तेव्हा सुभाषबाबू तापाने फणफणले होते. काँग्रेसचे हे 52 वे अधिवेशन, म्हणून अध्यक्षांच्या मिरवणुकीला 52 हत्ती होते. पण अध्यक्षांच्या जागी होते ते त्यांचे छायाचित्र. त्यांचे भाषणही त्यांचे बंधू शरदचंद्र यांनी वाचून दाखवले. गांधीजी तेव्हा राजकोटला होते. पुढे एप्रिलअखेर सुभाषबाबूंनी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. त्याआधी 1930 च्या दशकात सुभाषबाबूंनी जबलपूरच्या तुरुंगात कैदही भोगली होती. आज त्या मध्यवर्ती कारागृहाला त्यांचेच नाव आहे.

मराठी माणसाला तर हे शहर परके वाटण्याचे कारणच नाही. 1817 पर्यंत इथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. पुढे मध्यप्रांतात जबलपूर आणि नागपूर एकत्र नांदले आणि 1956 च्या राज्य पुनर्रचनेनंतर वाटा वेगळ्या झाल्या. गोल बाजाराकडे गेलात तर दत्तमंदिर भेटेल आणि कानावर मराठीही पडेल.

नकाशा आधी, फोटो नंतर

आपण हॉटेल शोधताना आधी खोलीचा फोटो पाहतो. चादर पांढरी आहे का, पंख्याबरोबर एसी आहे का, हे पाहतो. माझे आता असे मत झाले आहे की आधी कागद घ्यावा आणि त्यावर तीन गोष्टी लिहाव्यात. आपण उतरणार कुठे, रोज जाणार कुठे आणि आपल्यातल्या सर्वांत कमी चालणाऱ्या माणसाला किती चालवते. ही तिसरी ओळ सर्वांत महत्त्वाची. घरात म्हातारे माणूस असो, गरोदर सून असो की कडेवरचे मूल असो, शहर मोजायचे ते त्यांच्या पावलांनी.

हा हिशेब जबलपूरला लावून पाहू. राहण्याच्या जागा इथे ढोबळपणे पाच भागांत आहेत.

पहिला भाग स्टेशन आणि सिव्हिल लाइन्सचा. रस्ते रुंद, झाडी बरी, सामानासह हॉटेलच्या दारात उतरता येते. मध्य प्रदेश पर्यटन मंडळाचे ‘कलचुरी रेसिडेन्सी’ सिव्हिल लाइन्समध्येच आहे. पहाटेची गाडी पकडायची असेल तर हा भाग सोयीचा. बाजार मात्र इथून तीन-चार किलोमीटर दूर.

दुसरा भाग नौदरा ब्रिज, रसेल चौक, मालवीय चौकाचा. स्टेशन आणि जुना बाजार यांच्या मधला. हॉटेले पुष्कळ, दर निरनिराळे, जेवणाची सोय पायाशी आणि रिक्षा कधीही मिळते. रस्त्यावरचा आवाज हा इथला तोटा, म्हणून मागच्या बाजूची खोली मागावी.

तिसरा राइट टाऊन, नेपियर टाऊन आणि गोल बाजाराचा. तुलनेने शांत वस्ती. इथे राहायचे असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. इटारसीकडून येणाऱ्या गाडीला जबलपूरच्या आधी मदनमहाल हे स्टेशन लागते. आपली गाडी तिथे थांबत असेल तर तिथेच उतरणे सोयीचे पडते.

चौथा भाग कमानिया गेट, बडा फुहारा, सराफा, अंधेरदेव. लग्नाचा बस्ता बांधायला, दागिने किंवा साड्या घ्यायला आलेल्यांना ही जागा उत्तम. दिवसभर खरेदी करावी आणि पिशव्या खोलीत टाकून पुन्हा बाहेर पडावे. मात्र गाडी दारापर्यंत येईल याची खात्री नाही आणि जुन्या इमारतींत लिफ्ट असेलच असे नाही. नवरात्र-दसऱ्याच्या दिवसांत तर या भागाचे रूपच पालटते. सराफ्यातल्या सुनरहाई आणि नुनहाईच्या दागिन्यांनी मढलेल्या देवी पाहायला लोटणारी गर्दी आणि दसऱ्याची मिरवणूक, जिला इथे ‘चल समारोह’ म्हणतात, हे सारे पाहण्यासारखे आहे. पण रात्री झोप हवी असेल तर त्या दिवसांत इथे खोली घेऊ नये.

पाचवा भाग म्हणजे शहराबाहेर वीसेक किलोमीटरवरचे भेडाघाट. फक्त नर्मदा, धबधबा आणि संगमरवरी खडक पाहायचे असतील तर एक रात्र तिथेच काढावी. संध्याकाळची गर्दी ओसरल्यावर आणि पहाटे तिथली शांतता अनुभवण्यासारखी असते.

फोनवर विचारायचे प्रश्न

खोली संगणकावरून किंवा मोबाइलवरून ठरवली तरी पैसे भरण्यापूर्वी हॉटेलला एक फोन जरूर करावा. मॅनेजर जाहिरातीची भाषा बोलू लागला तर थांबवून सरळ प्रश्न विचारावेत. संकोच करू नये, पैसे आपण देत असतो.

पहिला प्रश्न: ‘ऑटो सामानासकट दारापर्यंत येते का? संध्याकाळी सहा वाजतासुद्धा?’ हा दुसरा अर्धा भाग विसरू नका. सकाळी सात वाजता कमानिया गेटखालून ट्रकसुद्धा जाईल आणि संध्याकाळी सात वाजता सायकल ढकलायला जागा नसेल.

दुसरा: ‘खोली कितव्या मजल्यावर? लिफ्ट आहे का, चालू आहे का आणि वीज गेल्यावर चालते का?’ लिफ्ट असणे आणि चालू असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तळमजल्याची किंवा पहिल्या मजल्याची खोली मागून घ्यावी आणि तसे लेखी, निदान मोबाइलवरच्या निरोपात, घ्यावे.

तिसरा: ‘संडास पाश्चात्त्य पद्धतीचा की भारतीय?’ हा प्रश्न विचारायला आपण लाजतो आणि मग गुडघेदुखीच्या माणसाचे हाल होतात. गरम पाणी चोवीस तास मिळते की सकाळी ठराविक वेळेतच, हेही विचारावे. जबलपूरची थंडी मुंबईकराला चांगलीच जाणवते.

चौथा: ‘चेक-आऊट किती वाजता?’ काही ठिकाणी दुपारी बाराचा नियम असतो, तर काही ठिकाणी आल्यापासून चोवीस तास. आपली गाडी दुपारी पोचणार आणि परतीची रात्री निघणार असेल, तर या एका नियमाने एका दिवसाचे भाडे वाचते किंवा वाढते.

पाचवा: ‘सांगितलेल्या भाड्यात कर धरला आहे का? जादा गादीचे किती? आणि खोली पसंत पडली नाही तर पैशांचे काय?’ आम्ही दोन रात्रींचे पैसे आगाऊ भरले होते. दुसऱ्या दिवशी खोली सोडली तेव्हा एका रात्रीचे पैसे गेले. नियम आधीच छापलेला होता, वाचला नव्हता तो मीच.

मोबाइलवर इतर पाहुण्यांचे अभिप्राय वाचायला मिळतात. ते जरूर वाचावेत, पण चांदण्या मोजण्यापेक्षा ‘जिना’, ‘गल्ली’, ‘पाणी’, ‘आवाज’ असे शब्द त्यांत शोधावेत. कौतुकाच्या दहा ओळींपेक्षा ‘वडिलांना जिना चढताना त्रास झाला’ ही एक ओळ अधिक कामाची. आणि शक्य असेल तर पहिल्या एकाच रात्रीचे पैसे भरावेत. खोली प्रत्यक्ष पाहून, नळ सोडून, दाराची कडी लावून पाहून मगच पुढच्या रात्री वाढवाव्यात. नोंदणीच्या वेळी सर्व मोठ्या माणसांची ओळखपत्रे मागतात, ती वरच्या कप्प्यात ठेवावीत.

स्टेशनवर उतरताना

मुंबईहून जबलपूर रेल्वेने सुमारे हजार किलोमीटर. इटारसीमार्गे जाणाऱ्या महानगरी, हावडा मेल आणि गरीबरथ या नेहमीच्या गाड्या. त्यांतली महानगरी मध्यरात्र उलटल्यावर सुटणारी. इथे अनेकजण फसतात. सोमवारी रात्री जेवून निघायचे असेल तर तिकीट मंगळवारच्या तारखेचे हवे. विदर्भातल्या मंडळींना गोंदियाहून बालाघाट, नैनपूरमार्गे जबलपूर गाठता येते. आजोबा ज्या छोट्या गाडीने गेले, ती 2015 नंतर इतिहासजमा झाली. त्या मार्गावर आता मोठ्या रुळांच्या गाड्या धावतात.

ज्येष्ठांना रेल्वेभाड्यात मिळणारी सवलत 2020 मध्ये बंद झाली, पण खालच्या बर्थची सोय आहे. पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रिया आणि साठीपुढचे पुरुष यांच्यासाठी तसा कोटा असतो. तिकीट काढताना वय अचूक लिहा.

जबलपूर स्टेशनला दोन्ही बाजूंनी बाहेर पडता येते, एक नंबर फलाटाकडून आणि सहा नंबरकडून. हॉटेलवाल्याला आधीच विचारून ठेवावे की आपल्याला कोणती बाजू जवळ. चुकीच्या दाराने बाहेर पडलात तर सामानासह पूल ओलांडणे किंवा रिक्षाचा वळसा, दोन्ही आलेच. काही तासांचाच मुक्काम असेल तर हॉटेलच्या भानगडीत न पडता स्टेशनवरच्या विश्रामकक्षाची, म्हणजे रिटायरिंग रूमची चौकशी करावी. ती आरक्षित तिकिटाच्या पीएनआर क्रमांकावर मिळते. नुसते सामान ठेवायचे असेल तर क्लोक रूम आहे, मात्र बॅगेला कुलूप हवे.

‘सवारी’ की ‘बुकिंग’?

जबलपुरात फिरताना हे दोन शब्द शिकून घ्या, तुमचे बरेच पैसे वाचतील. ठरलेल्या रस्त्यावरून माणशी भाडे घेऊन जाणाऱ्या ऑटोत किंवा ई-रिक्षात बसलात तर तुम्ही ‘सवारी’. पूर्ण रिक्षा तुमच्यासाठी केलीत तर ते ‘बुकिंग’. रिकामी रिक्षा दिसली म्हणून आपण ऐटीत बसतो आणि पत्ता सांगतो. तो झाला बुकिंगचा दर. बसण्यापूर्वीच ‘सवारी में कितना?’ असे विचारावे.

मीटरच्या भरवशावर राहू नये. भाडे बसण्यापूर्वी ठरवावे आणि ते एकूण की माणशी, हे स्पष्ट करून घ्यावे. नेमका दर ठाऊक नसेल तर आधी हॉटेलच्या मॅनेजरला आणि मग एखाद्या पानवाल्याला विचारावे. दोघांच्या उत्तरांच्या मधला आकडा बहुधा बरोबर निघतो. मोबाइलवरून पैसे बहुतेक जण घेतात, तरी दहा-वीसच्या नोटा जवळ असाव्यात.

अरुंद गल्ल्यांत ई-रिक्षा बरी. ती हळू चालते, आवाज करत नाही आणि पायरी खालीच असल्याने आईसारख्या माणसाला चढायला सोपी. लांबच्या अंतराला मात्र ऑटो किंवा मोबाइलवरून बोलावायची टॅक्सी घ्यावी. 2025 च्या ऑगस्टमध्ये मदनमहाल ते दमोह नाका हा सुमारे सात किलोमीटरचा उड्डाणपूल खुला झाला आहे. शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचे असेल तर चालकाला पुलावरून घ्यायला सांगावे. डुमना विमानतळ शहरापासून बराच दूर आहे आणि रस्ता झाडीतला. रात्रीच्या विमानासाठी वाहन दुपारीच ठरवून ठेवावे.

शहरात ज्या बस धावतात त्यांना लोक ‘मेट्रो बस’ म्हणतात. नाव ऐकून भुयारी रेल्वे शोधत बसू नका! सकाळच्या पहिल्या फेऱ्यांत बसायला जागा मिळते. बसवरच्या पाटीपेक्षा वाहकाला विचारणे अधिक खात्रीचे. उतरण्याचे ठिकाण त्याला आधीच सांगून ठेवले तर तो आठवणीने हाक मारतो. इथली माणसे बोलकी. परक्यालाही ‘बड्डे’ म्हणून हाक मारतील. ही हाक मोठ्या भावाला शोभेल अशा आपुलकीची आहे, रागावू नये.

एक महत्त्वाची सूचना शहराबाहेर जाणाऱ्यांसाठी. आपल्याकडे कुठेही गेले तरी एसटीचा लाल डबा असतोच, असा आपला समज असतो. मध्य प्रदेशचे राज्य परिवहन महामंडळ गुंडाळण्याचा निर्णय 2005 सालीच झाला. त्यानंतर मंडला, कान्हा, सिवनी, नागपूर अशा सर्व वाटांवर प्रवाशांना खासगी बसचाच आधार राहिला. 2025 मध्ये तिथल्या सरकारने सार्वजनिक बससेवा नव्याने उभारण्याची योजना मंजूर केली आहे. पण आपल्याकडे 75 वर्षांपुढील ज्येष्ठांना 2022 पासून मिळणारा मोफत प्रवास किंवा महिलांना 2023 पासून मिळणारे निम्मे तिकीट मनात धरून तिथे जाऊ नका. लांबच्या बस दीनदयाल चौकातल्या आंतरराज्य बसस्थानकावरून सुटतात. बस भरल्याशिवाय निघत नाही असाही अनुभव येतो. म्हणून परतीची रेल्वे पकडायची असेल त्या दिवशी बाहेरगावची सहल ठेवू नये.

भेडाघाटचा दिवस

जबलपूरला जाऊन भेडाघाट न पाहता कोणी परतत नाही. मॉडेल रोडच्या बाजूने तिकडे जाणाऱ्या मेट्रो बस मिळतात. बस स्वस्त, पण वेळ अधिक घेते. चार माणसे असतील तर येण्याजाण्याची आणि थांबण्याची बोली करून ऑटो घेणे परवडते. वाटेत तेवर गाव लागते. हीच कलचुरी राजांची प्राचीन त्रिपुरी, जिच्या नावाने ते अधिवेशन ओळखले जाते.

भेडाघाटला पाहायच्या जागा तीन आणि त्या एकमेकींपासून अंतरावर आहेत. पंचवटी घाटावरून संगमरवरी खडकांतून नाव जाते. पावसाळ्यात पाणी वाढले की नौकाविहार बंद असतो, तेव्हा जुलै ते सप्टेंबर टाळावा. धुवांधार धबधब्याला रोपवेही आहे. चौसष्ट योगिनींचे मंदिर हजारेक वर्षांचे जुने आणि अतिशय देखणे, पण वर जायला शंभरेक पायऱ्या. आईने खालूनच हात जोडले. आम्ही दोघे वर जाऊन आलो, तोवर ती चहाच्या टपरीवर दुकानदारीणबाईंशी गप्पा मारत बसली होती. परत आलो तेव्हा त्या बाईंच्या तिन्ही मुलींची नावे तिला पाठ झाली होती!

संध्याकाळी शहरातच ग्वारीघाटावर नर्मदेची आरती होते. परतताना सगळ्यांना एकदमच रिक्षा हवी असते. आरती संपण्याआधी पाच मिनिटे उठावे, नाहीतर येताना आणलेल्या रिक्षावाल्यालाच थांबवून ठेवावे. वाटेत वेळ मिळाला तर मदनमहाल किल्ल्याच्या पायथ्याजवळचा तोलशिळेचा चमत्कार पाहावा. एका खडकावर टेकलेला हा प्रचंड दगड 22 मे 1997 च्या भूकंपातही जागचा हलला नाही.

आणि मग कमान

तर त्या सकाळी आईने ‘तुम्ही फिरून या’ म्हटल्यावर मी तशीच बाहेर पडले. रसेल चौकाच्या बाजूला तीन हॉटेले पायी फिरून पाहिली. तिसऱ्यात लिफ्ट होती, ती मी स्वतः दोनदा वरखाली करून पाहिली. रोजचे भाडे तीनशे रुपयांनी जास्त होते. पहिल्या मजल्यावरची मागची खोली घेतली आणि अकराच्या आत, बाजार भरण्यापूर्वी, सामान हलवले. जुन्या हॉटेलच्या नोकराने आईला हात धरून सावकाश खाली आणले आणि रिक्षात बसवले. त्याचे मी काहीच देणे लागत नव्हते, तरी त्याने बक्षिसी नाकारली.

कमानिया गेट आम्ही दुसऱ्या दिवशी पाहिले, सकाळी सात वाजता. ई-रिक्षा थेट कमानीखाली जाऊन थांबली. दुकानांची दारे बंद होती. एक झाडूवाली रस्ता झाडत होती आणि दुधाच्या किटल्या लावलेली एक सायकल कमानीखालून गेली. आई उतरली. काठी टेकून काही वेळ वर पाहत राहिली. मुलाने विचारले, ‘आजी, पणजोबांचे हत्ती इथूनच गेले का गं?’ ती म्हणाली, ‘हत्ती गेले मिरवणुकीत. ही कमान आहे आठवणीची.’ मग तिने पदराने चष्मा पुसला आणि मला म्हणाली, ‘फोटो काढ. पण मला नुसतं उभं नको काढूस, कमान पूर्ण येऊ दे.’

थोड्या वेळाने बाजार जागा होऊ लागला. इथली खव्याची जिलबी प्रसिद्ध आहे. काळपट, जाडसर आणि पाकात मुरलेली. आपल्या जिलबीसारखी कुरकुरीत मुळीच नाही. बडकुल हलवाईंचे नाव त्यासाठी लोक घेतात. डॉक्टरांनी गोड कमी करायला सांगितलेल्या आईने त्या दिवशी दीड जिलबी खाल्ली आणि आम्ही दोघांनीही ते पाहिले नाही असे दाखवले.

रात्रीचे वाया गेलेले भाडे आणि रोजचे जादा तीनशे रुपये यांचा हिशेब मी घरी आल्यावर डायरीत लिहिला. त्याखाली पुढच्या वेळेसाठी प्रश्नांची यादीही लिहून ठेवली. ती वर दिलीच आहे. आपणही आपल्या डायरीत उतरवून घ्या. तिच्यातला पहिला प्रश्न मात्र हॉटेलवाल्याला विचारायचा नाही, तो घरातच विचारायचा: ‘आई, तुला किती जिने चढवतील?’ आणि तिने ‘चढेन गं सावकाश’ असे उत्तर दिले, तर खोली तळमजल्याचीच घ्यायची.